टीबीच्या गोळ्या चालू आहेत पण माणूस आतून खचला, मनाचा इलाज सोबत करता येतो का?

पऱ्हाटीचं_फूल (२४ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले लिहू की नको करून राहिली होती, आज लिहूनच टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर घाटंजी तालुक्यातलं. मोठा भाऊ ४१ वर्षांचा, सहा एकर कोरडवाहू, एक बैलजोडी. हिवाळ्यात खोकला धरला तो सुटेचना, दोन महिने गावातच खोकल्याचं औषध आणि सलाईन चाललं, वजन ११ किलो उतरलं तेव्हा कुठं तालुक्याला नेलं. टीबी निघाला आणि तोही साध्या गोळ्यांना दाद न देणारा. एप्रिलपासून औषधं चालू आहेत, १८ ते २० महिने घ्यावी लागतील म्हणाले. आता खोकला थांबला, वजन चार किलो वाढलं, थुंकीचे मागचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. गावात ज्याला त्याला वाटते की गडी वाचला.

पण दादा पहिल्यासारखा राहिलाच नाही. बोलत नाही. रात्री तीनला उठून कोठ्यात बैलांजवळ जाऊन बसते. ताट समोर ठेवलं की दोन घास खाऊन सरकवते. एकच वाक्य सारखं, "माझ्यापायी घर बुडालं." पोळ्याला मी माहेरी गेली होती. खांदशेकणीला बैलांच्या खांद्याले लोणी-हळद लावायचं काम आमच्याकडे त्याचंच, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" हे त्याच्याच तोंडून ऐकत आम्ही मोठे झालो. यंदा पुतण्यानं लावलं आणि हा छपरीत भिंतीकडं तोंड करून पडलेला. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जबाबाची गाणी, म्हणायला आख्खं गाव त्याची वाट पाहते, तर हा घराबाहेर निघालाच नाही.

आणि येताना वहिनीनं बाजूला घेऊन सांगितलं की अंथरूण झटकताना उशीखाली सात गोळ्या सापडल्या.

गावातले डॉक्टर म्हणाले टीबी बरा झाला की मन आपोआप ताळ्यावर येते. आई म्हणते बाहेरचं लागलं, अमुक एका बाबाकडे न्यायचं म्हणून तिची घाई चालू आहे. मला एवढंच विचारायचं की टीबीच्या एवढ्या गोळ्यांसोबत मनाची औषधं चालतात का? का टीबी संपेपर्यंत थांबायचं? कोणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.

तर्री_पोहे (२४ ऑगस्ट)

ताई, थांबायचं तर बिलकुल नाही. औषधांच्या कागदावर जी नावं असतील ती इथं लिहा, इथं डॉक्टर लोक आहेत, पाहतील.

मोझरीचा_वारकरी (२४ ऑगस्ट)

ताई, माझं वय ६८, शब्द कमीजास्त झाला तर माफ करा. एवढ्या गोळ्यांवर आणखी गोळ्या मला पटत नाही. पोट आहे का पोतं? माणूस एकटा पडला की मन खातं. संध्याकाळी गावात सामुदायिक प्रार्थना होत असेल तर त्याला नेऊन बसवा, चार माणसांत बसला की निम्मा आजार जातो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आम्हाला हेच शिकवलं. आमच्या गावात कर्जापायी खचलेली माणसं मी भजनात बसून सावरलेली पाहिली आहेत. आणि त्या बाबाबिबाकडे मात्र नेऊ नका, महाराजांनी तुम्हाला तेही सांगितलं असतं.

आशाताई_खेड्यातली (२४ ऑगस्ट)

उशीखालच्या गोळ्या वाचून अंगावर काटा आला बाई. मी आशा आहे, १३ वर्षं झाली. माझ्या हाताखालून २२ टीबी पेशंट गेले. त्यातला एक माणूस माझ्यासमोर गोळी तोंडात टाके, पाणी पिये आणि मी पाठ फिरवली की थुंकून टाके. मले वाटे हट्टी आहे. मी त्याले बोलली, रागावली, सरपंचाले सांगून धमकी देली. दोन महिन्यानं कळलं की हट्ट नव्हता, त्याले जगायचंच नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

आमच्या फॉर्मात दोन प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यात कामात मन लागत नाही असं झालं का, आणि उदास, निराश वाटलं का. आधी मी ते दारातच उभं राहून पटापट टिक करत होती. आता बसते, चहा येईपर्यंत थांबते, मंग विचारते. बसून विचारलं की उत्तर वेगळं येते.

तुमच्या गावच्या आशाले त्या सात गोळ्यांचं सांगा. लपवू नका, ती रागावणार नाही. औषधात खंड पडला की जंतू आणखी मुजोर होते, मंग त्या गोळ्याही लागू पडत नाही.

पऱ्हाटीचं_फूल (२५ ऑगस्ट)

वहिनीकडून फोटो मागवला. बेडाक्विलिन, लिनेझोलिड, लिवोफ्लॉक्सासिन, क्लोफाझिमिन, सायक्लोसेरीन आणि एक बी६ व्हिटॅमिनची गोळी. बेडाक्विलिन सहा महिनेच आहे म्हणे, बाकीच्या पुढं चालू राहणार.

आणखी एक, दादाचा रंग पार काळवंडला. बाजारात एकानं तोंडावर म्हटलं, "काय गा, जळालेल्या लाकडावानी झाला." तेव्हापासून बाजार बंद.

काका, तुमचं वाईट नाही वाटलं. पण तो चार माणसांत जाईल तर ना.

वर्धा_लाईन (२५ ऑगस्ट)

मी मानसोपचारात शिकतोय, शेवटचं वर्ष. पेशंट न पाहता इलाज सांगता येत नाही, पण यादी पाहून काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

ताई, दादाची हिंमत कमी पडली असं कोणी म्हणत असेल तर त्यांना ही यादी दाखवा. सायक्लोसेरीन ही गोळी जंतूंसोबत मेंदूवरही परिणाम करते. काही पेशंटमध्ये तिच्यानं उदासी येते, झोप उडते, चिडचिड होते, कोणाला भास होतात, कोणाच्या मनात मरणाचे विचार येतात. बी६ देतात ते बऱ्याच अंशी हा त्रास आवरायला, पण बी६ चालू आहे म्हणजे निश्चिंत झालो असं नाही. लिनेझोलिडनं रक्त कमी होऊ शकतं, आणि रक्त कमी झालेला माणूस दिवसभर पडून राहिला की घरचे म्हणतात मन लावत नाही. थायरॉईड मंद पडलं तरी माणूस असाच दिसतो. रंग काळवंडला तो क्लोफाझिमिननं, औषध संपल्यावर काही महिन्यांनी हळूहळू उतरतो, हे दादाला कोणी सांगितलं का? सांगा. रंग उतरणार आहे हे माहीत नसलेल्या माणसाला वाटतं आपण आतून सडतोय.

आता मूळ प्रश्न. टीबीसोबत डिप्रेशनचा इलाज होतो, व्हायलाच पाहिजे, टीबी संपायची वाट पाहत नाहीत. कारण खचलेला माणूस गोळ्या सोडतो आणि मग टीबीही संपत नाही. पण दादाच्या यादीत दोन ठिकाणी जपायला लागेल. लिनेझोलिड आणि डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या एकत्र आल्या तर शरीरात सेरोटोनिन वाढून थरथर, ताप, प्रचंड घाबरल्यासारखं असं होऊ शकतं. दुसरं म्हणजे बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन आणि लिवोफ्लॉक्सासिन तिन्ही हृदयाच्या ठोक्याच्या वेळेत फरक पाडतात, म्हणून तर अधूनमधून ईसीजी काढतात, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या, जशी एस्सिटालोप्राम, तेच करतात. म्हणून मेडिकल स्टोअरमधून परस्पर टेन्शनची किंवा झोपेची गोळी आणू नका. आणि सायक्लोसेरीन वाईट म्हणून घरीच बंदही करू नका, एक गोळी कमी झाली की बाकीच्यांवर भार पडतो. जिथून औषध सुरू झालं त्या केंद्रावर न्या, टीबीचे डॉक्टर आणि मानसोपचाराचे डॉक्टर दोघांना एकच कागद दिसू द्या.

शेवटचं आणि आजच करायचं. घरी फवारणीची औषधं असतील, हंगाम आहे. ती दुसऱ्याच्या घरी, कुलपात. आणि दादाला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं घुसत नाही, उलट मोकळं होतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना. रात्रीबेरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात.

तर्री_पोहे (२५ ऑगस्ट)

डॉक्टर, हे वाचून मी पहिलं काम केलं ते म्हणजे आमच्या वावरातल्या खोलीला कुलूप लावलं. आमच्या घरी कोणी आजारी नाही. तरी लावलं.

मोझरीचा_वारकरी (२५ ऑगस्ट)

डॉक्टरसाहेब, मी वाद घालत नाही, विचारतो. मनाच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत असं ऐकलं आहे. माझ्या साडूला झोपेची गोळी लागली ती १५ वर्षं सुटली नाही.

वर्धा_लाईन (२५ ऑगस्ट)

काका, बरं झालं विचारलंत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, तुमचं खरं आहे. डिप्रेशनच्या गोळ्या त्या जातीच्या नाहीत. त्यांची तलफ येत नाही. त्या लागू पडायलाच दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात, आणि सोडताना हळूहळू कमी करतात. लोक काय करतात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून फेकून देतात.

आणि सौम्य त्रासात तर गोळीच्या आधी बोलणं, रोजचं एक छोटं काम ठरवून करणं, माणसांत बसणं हाच इलाज असतो. म्हणजे तुमची प्रार्थना माझ्या पुस्तकात आहेच, फक्त नाव वेगळं आहे.

लालमाती (२५ ऑगस्ट)

हा धागा रात्री दोन वाजता वाचतोय. कधी कुठं लिहिलं नाही, आज लिहितो.

चंद्रपूर जिल्हा. मला २०१४ साली एचआयव्ही निघाला. कसा, ते सोडा. एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावरून, तीन औषधांची एक गोळी सुरू झाली, त्यात एफाव्हिरेन्झ होतं. रात्री गोळी घेतली की पहाटेपर्यंत अशी स्वप्नं की ओरडत उठायचो. मेलेला बाप यायचा, विहिरीत ढकलायचा. मला वाटलं हे माझ्या पापाचं आहे, म्हणून कोणालाच सांगितलं नाही. चार वर्षं. बायकोला फक्त एवढंच दिसायचं की हा माणूस दिवसा मेल्यासारखा बसतो आणि लेकरांवर ओरडतो.

तिथल्या समुपदेशक बाईंनी एकदा सहज विचारलं, स्वप्नं पडतात का हो? मी तिथंच रडायला लागलो. त्या म्हणाल्या, अहो हे गोळीचं आहे, पुष्कळांना होतं. त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यावरचा निम्मा दगड उतरला. पुढं २०२१ मध्ये सगळ्यांची गोळी बदलली, डोलुटेग्राव्हिरवाली आली, स्वप्नं गेली.

पण उदासी पूर्ण गेली नाही. इथं मला आमच्या काकांशी बोलायचं आहे. मी पण भजनात बसायचो काका. सगळे टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं की या सगळ्यांना कळलं तर हे उठून जातील. चार माणसांत बसून माणूस जास्त एकटा पडतो असंही होतं. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली, एआरटीवाल्यांना विचारून. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी मला भूक लागली. खरी भूक. आलूपोहे मागून खाल्ले आणि बायको ओट्याजवळ उभी राहून नुसती पाहत होती. दीड वर्ष घेतली, मग डॉक्टरांनीच कमी कमी करत बंद केली.

आता व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, इतका कमी आहे की मोजणीत येत नाही. मोजणीत येत नाही तोवर माझ्यापासून बायकोला लागण होत नाही, हेही मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ताई, दादाला फक्त एवढं सांगा की हे तुझ्यात नाही, काही गोळीत आहे आणि काही आजारात आहे, आणि दोन्हीचा इलाज आहे.

आशाताई_खेड्यातली (२६ ऑगस्ट)

भाऊ, तुमचं वाचून डोळे भरले.

मोझरीचा_वारकरी (२६ ऑगस्ट)

लालमाती भाऊ, मी इतक्या वर्षांत हा विचार कधी केला नव्हता, की माझ्या शेजारी बसून टाळ वाजवणारा मनात काय घेऊन बसला असेल. तुमचे उपकार.

धानाचं_बांध (२६ ऑगस्ट)

भंडाऱ्याहून. मागच्या वर्षी मालकाला साधा टीबी झाला होता, सहा महिन्यांचा कोर्स. आमच्या सासूनं पहिल्याच दिवशी त्यांचं ताट, पेला, चादर वेगळी केली, कपडे वेगळे धुवायला लावले, आणि लहानी पोरगी बाप बाप करत गेली की ओढून आणायचं. तिसऱ्या महिन्यात थुंकी साफ झाली तरी ताट वेगळंच. मालक एक दिवस म्हणाले, "कुत्र्याची थाळी वेगळी असते." मी तेव्हाच उठून दोघांचं एका ताटात वाढलं, सासू आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.

मला टीबीच्या सुपरवायझर भाऊनं सांगितलं होतं की हा आजार खोकल्यातून हवेत उडते, ताटातून नाही, कपड्यातून नाही. सुरुवातीला तोंडाला रुमाल, खिडकी उघडी, जवळ झोपायचं नाही, एवढं पुष्कळ. पऱ्हाटी ताई, दादाचं ताट वेगळं आहे का अजून?

पऱ्हाटीचं_फूल (२६ ऑगस्ट)

आहे. वाचलं आणि गळ्यात आवंढा आला. ताट वेगळं, तांब्या वेगळा, खाट छपरीत. पोरं चार हात लांबून बोलतात. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही की रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर हे बदलायला पाहिजे होतं.

वर्धा_लाईन (२६ ऑगस्ट)

केंद्रावर गेल्यावर हाही प्रश्न विचारा, लागोपाठचे कल्चर (थुंकीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्ह असतील तर ते स्वतः सांगतील की लेकरांना जवळ येऊ द्या. आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का तेही विचारा.

धानाचं बांध ताई, साध्या टीबीची वेगळी गोष्ट इथं सांगून ठेवतो, कोणाच्या कामी येईल. त्या कोर्समध्ये रिफॅम्पिसिन असतं, लघवी नारिंगी करणारं. ते लिव्हरला इतकं कामाला लावतं की इतर औषधं लवकर पचून निघून जातात, डिप्रेशनच्या पुष्कळ गोळ्यांचा असर कमी पडतो, गर्भनिरोधक गोळ्यांचाही. म्हणून डोस ठरवणाऱ्या डॉक्टरला टीबीचं सांगायलाच पाहिजे. पेशंट लाजेपायी लपवतात, आणि मग म्हणतात गोळी लागू पडली नाही.

बैलबंडी (२७ ऑगस्ट)

विषय गंभीर आहे पण मला झडत्यांचं विचारायचं होतं, तुमच्या दादाला किती येतात? आमच्या मारेगावकडं एक बुढा होता, दीड तास न थांबता म्हणायचा, समोरच्या पार्टीला घाम फुटायचा. नवी पोरं मोबाईल पाहून म्हणतात, मजा नाही.

पऱ्हाटीचं_फूल (२७ ऑगस्ट)

शंभराच्या वर येतात भाऊ. निम्म्या स्वतः जुळवलेल्या. कुठंच लिहून नाहीत.

बैलबंडी (२७ ऑगस्ट)

मग कोणीतरी लिहून घ्यायला पाहिजे. एक वही घेऊन बसवा पुतण्याला, रोज एकच. दादाला सांगा यवतमाळ जिल्ह्यातला एक माणूस मागून राहिला. मी खरंच मागतोय, गंमत नाही.

वर्धा_लाईन (२७ ऑगस्ट)

याला म्हणतात रोजचं एक छोटं काम. भाऊ, तुम्ही आमच्या खात्यात या.

थोडं विषयांतर मीही करतो. डिप्रेशनच्या औषधांचा जन्मच टीबीच्या वॉर्डातला आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू नावाच्या टीबी हॉस्पिटलमध्ये इप्रोनियाझिड हे नवीन औषध देऊन पाहत होते. वर्षानुवर्षं पडून असलेले पेशंट अचानक हसायला, जेवायला, एकमेकांशी बोलायला लागले, छाती पुरती बरी व्हायच्या आधीच. तेव्हा लक्षात आलं की हे औषध मेंदूतही काहीतरी करतंय, आणि पुढं तेच डिप्रेशनसाठी वापरलं गेलं. लिव्हरवर वाईट परिणाम दिसले म्हणून नंतर ते काढून टाकलं. पण त्याचा भाऊ आयसोनियाझिड आजही साध्या टीबीच्या गोळीत आहे. छातीचा आजार आणि मनाचा आजार वेगवेगळ्या खिडक्यांवर दाखवायला लागतात हे मी ओपीडीत रोज पाहतो, आणि मला ही गोष्ट आठवते.

काळी_कसदार (२८ ऑगस्ट)

सगळं बरोबर आहे डॉक्टर, पण जरा जमिनीवर या. आमच्या तालुक्यात मानसोपचाराचा एकही डॉक्टर नाही. जिल्ह्याला जायचं तर सकाळची एसटी, तीन तास, रांग, दुपारी नंबर, संध्याकाळची गाडी चुकली की मुक्काम. सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. सरकार टीबीवाल्याला पोषणाचे महिन्याला १००० रुपये देते, आधी ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून वाढले, तेही आमच्या शेजाऱ्याला चार महिन्यांचे एकदम आले. एका चकरेत संपतात. तुम्ही सांगता दोन डॉक्टरांना एक कागद दाखवा. दोन डॉक्टर एका दिवशी भेटले पाहिजेत ना.

वर्धा_लाईन (२८ ऑगस्ट)

तुमचं एकही वाक्य खोडता येत नाही.

आशाताई_खेड्यातली (२८ ऑगस्ट)

कसदार भाऊचं खरं आहे, पण एक सांगते. इकडं अमरावती जिल्ह्यात काही वर्षांपूर्वी विश्राम नावाचं काम झालं होतं, ३० गावांत. गावातल्याच माणसांले शिकवलं, डिप्रेशन कसं ओळखायचं, कसं बोलायचं, कोणाले पुढं पाठवायचं. आधी त्रास असणाऱ्या शंभरातले चारच जण कुठंतरी इलाजाले जात होते, दीड वर्षात ते २७ झाले. आम्हाले ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. फरक गावातल्या माणसांनी पाडला.

ताई, जायच्या आधी सुपरवायझरले फोन करा, मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारूनच निघा. एका चकरेत दोन कामं होतात.

पऱ्हाटीचं_फूल (३ सप्टेंबर)

जाऊन आलो. सगळं सांगते.

त्याआधी विचारायचं काम केलं. डॉक्टर म्हणाले होते सरळ विचारा, पाच दिवस माझी हिंमत झाली नाही. शनिवारी माहेरी गेली, रात्री तीनला तो उठला तशी मीही उठून कोठ्यात जाऊन बसली. विचारलं, दादा, मरावंसं वाटते का तुले? लय वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "दोनदा वाटलं." मी रडली नाही. म्हटलं, मले सांगितलं हे लय चांगलं केलं. मग तो बोलत राहिला, उजाडेपर्यंत. कर्जाचं बोलला, काळ्या रंगाचं बोलला, आणि म्हणाला माझी पोरगी माझ्याजवळ येत नाही. तेवढं बोलताना रडला.

फवारणीचे डबे सकाळीच काकाच्या घरी नेऊन कुलपात टाकले. एकट्याला ठेवलं नाही, मी आणि वहिनी पाळीनं जागलो. रविवारी १४४१६ ला फोन लावला, तिकडची बाई माझ्याशी २० मिनिटं बोलली, दादाशीही बोलली, आणि म्हणाली उद्याच न्या. सोमवारी नेलं.

केंद्रावरच्या डॉक्टरांना सात गोळ्यांचं खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, नाही रागावले. मानसोपचाराच्या मॅडमनं नऊ प्रश्न विचारले, २७ पैकी १७ मार्क आले, म्हणजे उदासी बऱ्यापैकी जास्त. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. ईसीजी काढला. मग दोन्ही डॉक्टर आमच्यासमोर फोनवर बोलले. सायक्लोसेरीन बंद केली आणि तिच्या जागी दुसरं औषध बसवलं, लिनेझोलिडचा डोस कमी केला. डिप्रेशनची गोळी सध्या नाही, मॅडम म्हणाल्या लिनेझोलिड चालू असताना घाई नको, आधी कारण काढून पाहू, पण दर आठवड्याला भेट किंवा फोन, आणि मार्क उतरले नाहीत तर नजरेखाली ठेवून गोळी सुरू करू. घरी एकटं ठेवायचं नाही, गोळ्या वहिनीच्या हातून. आणि पोरीला जवळ घ्यायला हरकत नाही म्हणाले. हे ऐकताना दादानं पहिल्यांदा मान वर केली.

बाबाकडे न्यायचं आईनं अजून सोडलं नाही. मी म्हटलं, आधी महिनाभर हे पाहू.

धानाचं_बांध (३ सप्टेंबर)

ताट?

पऱ्हाटीचं_फूल (३ सप्टेंबर)

रात्रीच एकत्र बसलो. 🙏

लालमाती (४ सप्टेंबर)

ताई, तुम्ही कोठ्यात जाऊन बसल्या ते मी तीनदा वाचलं. दादाला हवं असेल तर माझा नंबर मेसेजमध्ये देतो. काही विचारणार नाही, नुसतं बोलू.

मोझरीचा_वारकरी (४ सप्टेंबर)

माझाही द्या. मी ४० वर्षं बैल पाळले, शेवटची जोडी दोन वर्षांपूर्वी विकली. बैलांवर बोलायला मला कोणी उरलं नाही.

काळी_कसदार (४ सप्टेंबर)

दर आठवड्याला फोनवर पाहतात म्हणता? हे मला माहीत नव्हतं. चकरा वाचल्या तर पुष्कळ होईल.

पऱ्हाटीचं_फूल (११ ऑक्टोबर)

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहिते. मार्क १७ वरून ९ वर आले. झोप पाचपर्यंत लागते. हिमोग्लोबिन १० झालं. सगळं छान झालं असं नाही, मधले आठ दिवस पुन्हा खाली गेला होता, सोयाबीनचा भाव ऐकून आला आणि दोन दिवस उठला नाही. मॅडमनं फोनवर सांभाळलं. गोळी लागेल की नाही ते पुढच्या भेटीत ठरवणार, आणि लागली तर दादा म्हणतो घेईन.

पुतण्याच्या वहीत ३१ झडत्या झाल्या. बैलबंडी भाऊ, फोटो पाठवते, अक्षर पोराचं आहे. मोझरीच्या काकांचा फोन आला की दादा वावरात निघून जाते बोलायला, पाऊण तास येत नाही, दोघं काय बोलतात ते आम्हाले सांगत नाही.

नवी_पालवी (१२ ऑक्टोबर)

आजच मेंबर झाले, आधी सगळा धागा वाचला. माझ्या सासऱ्यांना साधा टीबी आहे, तिसरा महिना, अगदी असंच, बोलत नाहीत, जेवत नाहीत. ते नारिंगी लघवीवालं औषध चालू आहे. सुरुवात कुठून करू? घरचे म्हणतात वय झालं, असं होणारच.

पऱ्हाटीचं_फूल (१२ ऑक्टोबर)

वयाचं नाही ताई. आज रात्री त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. वावरातलं औषध घरात असेल तर आजच हलवा. सगळ्या गोळ्यांचा फोटो काढून ठेवा, बीपी-शुगरच्याही. मग तुमच्या टीबी सुपरवायझरला फोन करून मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी ते विचारा. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार आहे, तुमच्याकडे वेगळं असेल. सकाळची पहिली गाडी धरा, डबा सोबत घ्या, दोघांचा.